वैद्यकीय उपकरण-निर्मितीतील गुणवत्ता-धोरणांची निवड : 'सातत्यपूर्ण सुधारणा' या संकल्पनेची समीक्षा

प्रस्तावना

सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे जाताना नऱ्हे, धायरी, नांदेड फाटा या परिसरात लहान कारखान्यांची दाट वस्ती लागते. नदीपलीकडील शिवणे-उत्तमनगरचेही चित्र यापेक्षा वेगळे नाही. यांपैकी अनेक कारखाने मोटार-उद्योगाला सुटे भाग पुरविता पुरविता मोठे झाले. ज्या सीएनसी यंत्रावर इंजिनाचा एखादा भाग कातला जातो, तशाच यंत्रावर मोडलेले हाड जोडण्याचा स्क्रूही कातता येतो. त्यामुळे मोटारीच्या भागांकडून वैद्यकीय उपकरणांकडे वळणे हे यंत्राच्या दृष्टीने फार मोठे स्थित्यंतर वाटत नाही. गुणवत्तेच्या दृष्टीने मात्र ते फार मोठे आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय नेमका तोच आहे.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहिलेला नाही. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे 'औषध' या व्याख्येखाली आली. पूर्वी नियमनाबाहेर असलेल्या उपकरणांपैकी 'अ' आणि 'ब' वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर 'क' आणि 'ड' वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याची चौकट लागू झाली. परवाना हवा तर गुणवत्ता व्यवस्थापन प्रणाली हवी. ती कशी उभारावी, याविषयी लहान उद्योजकाला मिळणारा सल्ला बहुधा मोटार-उद्योगाच्या अनुभवातून आलेला असतो : फाइव्ह-एस करा, कायझेन सुरू करा, सूचनापेटी लावा, सिक्स सिग्माचे प्रशिक्षण घ्या. आपल्या महाविद्यालयांतील व्यवस्थापन व अभियांत्रिकीच्या वर्गांतही आपण बहुतांशी हेच शिकवितो.

या सल्ल्यामागे एक गृहीतक आहे. सुधारणा ही केव्हाही, कोठेही आणि कोणीही केली तरी हितकारकच असते, असे ते गृहीतक होय. वैद्यकीय उपकरणांच्या संदर्भात ते तपासून पाहणे, आणि ते अपुरे ठरत असल्यास निवडीचे अन्य निकष सुचविणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मोटार-उद्योगाचा वारसा

पुण्याच्या औद्योगिक संस्कृतीत गुणवत्तेचा विचार उशिरा आला असे म्हणता येणार नाही. सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाचे जनक वॉल्टर शूहार्ट हे प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेने देशातील औद्योगिक शहरांत गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रे उभारली. किर्लोस्कर, टेल्को, बजाज यांसारख्या कारखान्यांनी पुणे परिसरात पुरवठादारांचे जे जाळे विणले, त्यातून गेज, कॅलिब्रेशन, नियंत्रण-आलेख हे शब्द लहान वर्कशॉपपर्यंत पोहोचले. मासाकी इमाई यांचा 'कायझेन' हा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर 'योजा, करा, तपासा, कृती करा' हे चतुष्पदी चक्र कारखान्यांच्या भिंतींवर झळकू लागले.

या वारशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कामगार हा केवळ हात नसून डोळे आणि बुद्धीही आहे, हे व्यवस्थापनाला मान्य करावयास लावणारा हा विचार आहे. परंतु तो ज्या भूमीत रुजला, त्या भूमीची तीन वैशिष्ट्ये सहसा सांगितली जात नाहीत. पहिले असे, की तेथे उत्पादनाची संख्या मोठी असते, त्यामुळे आज केलेल्या बदलाचा परिणाम काही दिवसांतच आकड्यांत उतरतो. दुसरे, दोष बहुधा जुळणीच्या साखळीवर किंवा वॉरंटीच्या काळात उघड होतो. तिसरे, सदोष भाग काढून त्या जागी चांगला भाग बसविता येतो. तो भाग बदलताना यंत्राला वेदना होत नाहीत. ही तिन्ही वैशिष्ट्ये असतील तेथे चुकत-शिकत पुढे जाणे परवडते. ती नसतील तेथे काय होते?

एकच शब्द, दोन मानके

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मानकांच्या भाषेतच दडलेले आहे. आयएसओ ९००१ हे सर्वसाधारण गुणवत्ता मानक सातत्याने सुधारणा करण्याची अपेक्षा स्पष्टपणे व्यक्त करते. आयएसओ १३४८५ हे वैद्यकीय उपकरणांचे मानक त्याच कुळातील असूनही २००३ च्या आवृत्तीपासून त्याने हा आग्रह जाणीवपूर्वक बाजूला ठेवला. त्याऐवजी प्रणालीची परिणामकारकता टिकवून ठेवणे, असा शब्दप्रयोग त्यात येतो. २०१६ च्या आवृत्तीतही सुधारणेचे कलम आहे, पण ते उपकरणाची सुरक्षितता व कार्यक्षमता आणि प्रणालीची योग्यता टिकविण्यासाठी आवश्यक असतील ते बदल ओळखावेत, असे सांगते. आयएसओ ९००१ ने २०१५ मध्ये प्रतिबंधक कृतीचे स्वतंत्र कलम काढून टाकले, तर आयएसओ १३४८५ ने ते कायम ठेवले.

हा फरक केवळ शब्दांचा आहे असे मानणे चुकीचे ठरेल. ग्राहकाचे समाधान वाढावे म्हणून बदल करणे आणि रुग्णाची सुरक्षितता टिकावी म्हणून बदल करणे, या दोन भिन्न प्रेरणा आहेत. पहिलीत बदल हे मूल्य आहे. दुसरीत बदल ही जोखीम आहे आणि ती घ्यावयाची तर त्यासाठी कारण द्यावे लागते.

आपल्याकडील वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हेच अधिक ठोसपणे सांगतात. १ जानेवारी २०१८ पासून अंमलात आलेल्या या नियमांच्या पाचव्या अनुसूचीत गुणवत्ता व्यवस्थापन प्रणालीच्या अपेक्षा आहेत. परवाना मिळाल्यानंतर होणाऱ्या बदलांची वर्गवारी सहाव्या अनुसूचीत आहे. कच्चा माल, निर्जंतुकीकरणाची पद्धत, वापराची मुदत, प्राथमिक वेष्टन, तसेच गुणवत्तेवर परिणाम करणारी उत्पादन-प्रक्रिया यांतील बदल हे 'मोठे बदल' मानले जातात आणि त्यांना पूर्वपरवानगी लागते. गुणवत्तेवर परिणाम न करणारे लहान बदल केल्यानंतर तीस दिवसांच्या आत कळवावे लागतात. कामगाराच्या सूचनेवरून संध्याकाळपर्यंत प्रक्रिया बदलण्याचे कायझेनचे चित्र आणि ही अनुसूची एकाच भिंतीवर लावली, तर त्यांतील विसंगती लपत नाही. आश्चर्य इतकेच, की सल्लागार पहिले चित्र लावतात आणि दुसरे फाइलीत ठेवतात.

धुण्याच्या पायरीचा धडा

ही विसंगती किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. स्वित्झर्लंडच्या सुल्झर समूहातील एका अमेरिकी कंपनीने खुब्याच्या कृत्रिम सांध्याची वाटी डिसेंबर २००० मध्ये बाजारातून परत मागविली. वाटीचा आराखडा नवा नव्हता, धातूही बदललेला नव्हता. उत्पादनाच्या आणि सफाईच्या क्रमात झालेल्या बदलामुळे यंत्रावरील वंगणतेलाचा सूक्ष्म अंश वाटीच्या पृष्ठभागावर राहून जात होता. डोळ्यांना तो दिसत नव्हता आणि मोजमापांत वाटी निर्दोष ठरत होती. हाडाला मात्र तो जाणवला. हाड त्या पृष्ठभागाशी एकजीव होईना, वाटी सैल होऊ लागली, आणि हजारो रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले.

मोटारीच्या भागांच्या कारखान्यात धुण्याची एखादी पायरी कमी करणे ही शाबासकीची गोष्ट ठरते, कारण वेळ, पाणी आणि रसायन तिन्ही वाचतात. शरीरात बसणाऱ्या भागाच्या बाबतीत तीच पायरी हे उत्पादनाचे अंग असते. येथे दोष सुधारणेच्या वृत्तीचा नाही. बदल 'करा' या पायरीवर झाला आणि 'तपासा' ही पायरी मापाच्या यंत्रावर संपली, हे त्याचे मूळ होय. खरी तपासणी त्यानंतर अनेक महिन्यांनी, रुग्णाच्या शरीरात झाली.

महाराष्ट्रातील प्रकरण : एएसआर

दुसरे उदाहरण आपल्या राज्याला अधिक जवळचे आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू फिरणारा खुब्याचा सांधा भारतात २००६ पासून आयात होऊ लागला. वाटी आणि गोळा या दोहोंचा धातू कोबाल्ट-क्रोमियमचा होता. घर्षणातून सुटणारे धातूचे कण भोवतालच्या ऊतींत व रक्तात जात. ऑस्ट्रेलियातील बाजारातून हा सांधा डिसेंबर २००९ मध्ये मागे घेतला गेला. २४ ऑगस्ट २०१० रोजी तो जगभरातून परत मागविण्यात आला. त्या वेळी ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदणीतील माहितीनुसार पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुनर्शस्त्रक्रिया करावी लागत होती.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याप्रकरणी मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदविली, हे या यंत्रणेला भूषणावह आहे. परंतु केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये, आणि तिचा अहवाल आला २०१८ मध्ये. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता, ही गोष्ट त्यानंतर सर्वांसमोर आली. २०१८ च्या अखेरीस नुकसानभरपाईचे सूत्र ठरले. ३० लाखांपासून १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंतची ती रक्कम मिळण्यासाठी आधी रुग्ण सापडणे आवश्यक होते.

गुणवत्ता-धोरणाच्या दृष्टीने या प्रकरणातून दोन निष्कर्ष निघतात. एक, येथे मुख्य उणीव आराखड्यात होती. आराखडाच सदोष असेल, तर तो जितक्या काटेकोरपणे उतरविला जाईल तितका दोषही काटेकोरपणे उतरेल. कारखान्यातील कोणतेही सिक्स सिग्मा त्याला वाचवू शकत नाही. दोन, दोष उघडकीस आला तो कारखान्याच्या अंतर्गत तपासणीत नव्हे, तर ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधील सांधेरोपणाच्या नोंदणीपुस्तकांत. ज्या देशात अशी सर्वंकष नोंद नाही, त्या देशातील निर्मात्याने 'तपासा' ही पायरी कोणत्या आधारावर पूर्ण करावी? आपल्याकडे उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. तो रुग्णालयांनी मनापासून स्वीकारणे हा गुणवत्ता-धोरणाचाच भाग आहे, हे आपण अभ्यासक्रमात क्वचितच सांगतो.

याच्या अगदी उलट उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचे आहे. तेथील कृत्रिम हृदयझडपेचे आधीचे आराखडे प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील चाचण्यांत नापास झाले आणि तेथेच थांबविले गेले. चौथ्या आराखड्याची झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. ही देखील सातत्यपूर्ण सुधारणाच होती. फरक एवढाच, की तिच्या चुका रुग्णापर्यंत पोहोचल्या नाहीत.

तपासून सिद्ध न होणारी गुणवत्ता

आपल्या वर्गांत गुणवत्ता म्हणजे शेवटी नग तपासणे, अशी समजूत दृढ असते. साध्या गणिताने तिची मर्यादा दाखविता येते. ३०० नग तपासले आणि एकही सदोष निघाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने आपण इतकेच म्हणू शकतो, की सदोष नगांचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक नाही. शंभरात एक शिरेतील नळी सदोष असणे कोणत्या रुग्णालयाला चालेल? दहा लाखांत एक ही मर्यादा अशाच रीतीने सिद्ध करावयाची, तर सुमारे ३० लाख नग तपासावे लागतील. निर्जंतुकीकरणात तर नेमकी हीच मर्यादा अपेक्षित असते, आणि तपासण्यासाठी उघडलेले पाकीट पुन्हा विकता येत नाही.

याचे उत्तर महाराष्ट्रात ट्रॉम्बे येथे १९७४ पासून उभे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'आयसोमेड' या प्रकल्पात बंद खोक्यांतील वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात. तेथे भर प्रत्येक पाकीट उघडून जंतू शोधण्यावर नाही. खोक्याला ठरलेली मात्रा, म्हणजे प्रचलित प्रमाणानुसार २५ किलोग्रे, मिळाली की नाही हे मात्रामापकाने पाहिले जाते. ही मात्रा पुरेशी आहे हे आधी सिद्ध केलेले असते. प्रक्रिया अगोदर सिद्ध करावी आणि नंतर ती ठरलेल्या मर्यादेत चालली याचा पुरावा ठेवावा, यालाच कारखान्याच्या भाषेत व्हॅलिडेशन म्हणतात. जेथे अंतिम तपासणीने गुणवत्ता सिद्ध होत नाही, तेथे हाच एक मार्ग उरतो. आणि एकदा सिद्ध केलेली प्रक्रिया 'सुधारली', की ती पुन्हा सिद्ध करावी लागते.

सिक्स सिग्माच्या 'दहा लाखांत ३.४ दोष' या प्रसिद्ध सूत्राचीही येथे फेरतपासणी करावयास हवी. वर्षाला २,००० हृदयझडपा करणाऱ्या निर्मात्याने हा दर गाठला, तर सरासरीने एक सदोष नग दिसण्यास सुमारे दीडशे वर्षे लागतील. जो आकडा निर्मात्याच्या हयातीत मोजून पाहता येत नाही, तो त्याचे उद्दिष्ट कसा होऊ शकेल? सिक्स सिग्माच्या पद्धतीतील शिस्त उपयुक्त आहे. तिचे घोषवाक्य मात्र मोठ्या संख्येच्या उत्पादनासाठी आहे.

निवडीचे निकष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की 'सर्वोत्तम गुणवत्ता-धोरण कोणते?' हा प्रश्नच चुकीचा आहे. निर्मात्याने आपल्या उपकरणाविषयी तीन प्रश्न विचारावेत. दोष उत्पादनानंतर तपासून दिसतो का? दोष वापरात उघड झाला तर तो रुग्णाला इजा न होता निस्तरता येतो का? आणि वापरातील अनुभव निर्मात्याकडे किती काळाने परत येतो?

तिन्ही उत्तरे अनुकूल असतील तेथे कायझेनला मुक्त वाव द्यावा. रुग्णालयातील खाट, कुबड्या, साधी ड्रेसिंग ट्रॉली ही अशी उदाहरणे होत. येथे मोटार-उद्योगाचा वारसा जसाच्या तसा उपयोगी पडतो.

दोष तपासून दिसतो, पण चुकीच्या निदानाने हानी होऊ शकते, असे उपकरण असेल तर भर कॅलिब्रेशन, नियंत्रण-आलेख आणि पुनरावृत्तीच्या खात्रीवर असावा. रक्तदाबमापक हे याचे परिचित उदाहरण. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविड चाचणी-संचाला मान्यता मिळाली, तेव्हा संचाचे मूल्यमापन पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत झाले होते. एकाच नमुन्यावर दहा वेळा चाचणी केली तर दहाही वेळा तोच निष्कर्ष यावा, ही कसोटी तो संच विकसित करणाऱ्या पथकाने आपणहून लावली होती. घाईच्या काळातही कोणती कसोटी सोडावयाची नाही, हे त्यांनी अचूक ओळखले.

दोष तपासून दिसत नाही आणि निस्तरताही येत नाही, अशा रोपणांसाठी आराखड्याच्या पातळीवरील जोखीम-विश्लेषण, प्रक्रियेचे व्हॅलिडेशन आणि प्रत्येक नगाचा रुग्णापर्यंत माग ठेवणारी नोंद, या तिहींवर प्रथम खर्च करावा. कायझेनचा क्रमांक त्यानंतर लागतो. एएसआर प्रकरणात हरवलेले ३,६०० रुग्ण ही या क्रमाची किंमत आहे.

काही साधने मात्र सर्वच वर्गांना लागू पडतात. चूक करणेच अशक्य व्हावे अशी रचना, जिला जपानी परंपरेत पोका-योके म्हणतात, हे त्यांपैकी एक. भुलीच्या यंत्रावर ऑक्सिजनच्या जागी दुसऱ्या वायूचे सिलिंडर बसूच नये, म्हणून जोडणीच्या खुंट्या व छिद्रे वेगवेगळ्या जागी ठेवलेली असतात. ही सुधारणा माणसाच्या सावधपणावर अवलंबून राहत नाही आणि म्हणूनच ती टिकते.

पुण्यातील नोकार्क या कंपनीचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. सौर पॅनेल पाण्याविना स्वच्छ करणारे रोबो बनविणाऱ्या या तरुण अभियंत्यांनी २०२० मध्ये आयआयटी कानपूरच्या पाठबळाने अतिदक्षता विभागासाठीचा व्हेंटिलेटर विकसित केला. यंत्रज्ञान एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेता येते, हे त्यातून दिसते. तथापि, श्वासाचे शास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांचा सहभाग आणि चाचण्या यांना पर्याय नसतो, हेही त्याच अनुभवातून दिसते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की बदलावर इतकी बंधने घातली तर कारखाना गोठून जाईल. कामगार सूचना देणे सोडील, आणि माहीत असलेली उणीवही कागदपत्रांच्या भीतीने तशीच ठेवली जाईल. हा आक्षेप गंभीर आहे. डेमिंग यांनी कारखान्यातून भीती हद्दपार करा असे जे आग्रहाने सांगितले, ते येथेही लागू आहे. यावरचा उपाय म्हणजे निरीक्षण आणि बदल यांची फारकत करणे. निरीक्षण नोंदविण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला, कोणत्याही क्षणी आणि निर्भयपणे असावा. बदल मात्र ठरलेल्या दारातूनच आत यावा. हत्यारांची मांडणी, साठवण, उजेड, नोंदवह्यांची सुटसुटीत रचना यांसारख्या उत्पादनाला न स्पर्शणाऱ्या सुधारणांसाठी हे दार रुंद ठेवावे. धातू, तेल, तापमान, सफाई, वेष्टन यांना स्पर्श करणाऱ्या बदलांसाठी ते अरुंद असावे. कोणती गोष्ट कोणत्या दारातून येते, याची यादी कारखान्यातील प्रत्येकाला पाठ असावी.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याने व्हॅलिडेशन, जैवसुसंगततेच्या चाचण्या आणि नोंदव्यवस्था यांचा भार कसा उचलावा? हाही आक्षेप रास्त आहे, आणि केवळ नियम कडक करून तो सुटत नाही. मोटार-उद्योगासाठी पुण्यात १९६६ पासून 'एआरएआय'सारखी सामायिक चाचणी-संस्था आहे. प्रत्येक पुरवठादाराने स्वतःची प्रयोगशाळा बांधावी, अशी अपेक्षा तेथे कोणी केली नाही. वैद्यकीय उपकरणांसाठी विशाखापट्टणमच्या मेडटेक झोनमध्ये अशी सामायिक सोय उभी राहिली आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर नवउद्योजकांना आधार देते. आयसोमेडने लहान निर्मात्याला स्वतःचा किरणस्रोत न बाळगता निर्जंतुकीकरणाची वाट उपलब्ध करून दिली. हे सूत्र चाचण्या, प्रशिक्षण आणि नोंदी यांच्यापर्यंत विस्तारले, तरच लहान निर्मात्याला योग्य धोरण निवडण्याचे खरे स्वातंत्र्य मिळेल. अन्यथा निवड होईल ती परवडणाऱ्या धोरणाची, योग्य धोरणाची नव्हे.

समारोप

प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा, की सातत्यपूर्ण सुधारणेचे फायदे विचारले तर विद्यार्थी दहा मुद्दे लिहितात. सुधारणा केव्हा थांबवावी असे विचारले, तर वर्ग शांत होतो. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही, कारण आपल्या प्रश्नपत्रिकांनी तो प्रश्न त्यांना कधी विचारलेलाच नाही. उद्या यांतलेच काही जण नऱ्हे-धायरीच्या एखाद्या कारखान्यात गुणवत्ता निरीक्षक होतील. धुण्याची एक पायरी वाचविण्याची सूचना त्यांच्या टेबलावर येईल, आणि सही करावी की नाही हे त्यांना त्याच दिवशी ठरवावे लागेल. त्या सहीची तयारी करून देणे हे आपले काम आहे. आयएसओ १३४८५, सहावी अनुसूची आणि एएसआर प्रकरण यांना अभ्यासक्रमात कायझेनच्या शेजारी स्थान देणे, ही त्याची पहिली पायरी ठरू शकेल.

खडकवासल्याला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत धरणांची व बंदरांची लहान प्रतिमाने बांधून त्यांवर आधी पाणी सोडले जाते. प्रतिमानात चूक निघाली तर ती मोडून पुन्हा बांधतात, आणि त्याने कोणाचे घर वाहून जात नाही. चूक पाण्याच्या खऱ्या लोंढ्यात उघडी पडली तर काय होते, हे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा या परिसराने आणि पुणे शहराने पाहिले आहे. वैद्यकीय उपकरणांच्या निर्मात्यालाही सुधारणा करावयाचीच आहे. त्या सुधारणेची तपासणी कारखान्यात, प्रयोगशाळेत आणि नोंदवहीत व्हावी, रुग्णाच्या शरीरात होऊ नये. गुणवत्ता-धोरणाची निवड करताना प्रथम हे पाहावे आणि मग बाकीच्या पद्धतींची नावे घ्यावीत.